आघातानंतर कॉर्टिसॉल कमी का आढळते? रेचेल येहुदा यांच्या संशोधनाविषयी प्रश्न

प्रश्न (विद्यार्थिनी):
नमस्कार. ताणाचे जीवशास्त्र अभ्यासताना एका ठिकाणी अडले आहे. ताण आला की अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते, असे आम्ही पहिल्यापासून शिकत आलो. मग पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, असलेल्या व्यक्तींमध्ये ते कमी असते असे न्यूयॉर्कच्या संशोधक रेचेल येहुदा कशाच्या आधारे म्हणतात? शिवाय त्यांच्याच कामाचा हवाला देऊन ‘आईवडिलांचा आघात मुलांच्या जनुकांत उतरतो’ असे सर्रास लिहिले जाते, ते कितपत खरे मानावे?

उत्तर १ (शरीरक्रियाशास्त्र):
कॉर्टिसॉल हे केवळ ताणाचे लक्षण नसून ताणाची प्रतिक्रिया आवरण्याचे कामही तेच करते, हे लक्षात घेतले की कोडे बरेचसे सुटते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, पीटीएसडी असलेल्या सैनिकांच्या लघवीत कॉर्टिसॉल कमी असल्याचे 1986 मध्ये जॉन मेसन आणि सहकाऱ्यांनी नोंदवले, तेव्हा ते अनेकांना अनपेक्षित होते. येहुदा यांनी पुढे अवघे 0.5 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉलसारखे काम करून शरीरातले कॉर्टिसॉल उतरवणारे औषध) देऊन तपासले. नैराश्याच्या कित्येक रुग्णांत हे औषध देऊनही कॉर्टिसॉल पुरेसे उतरत नाही. पीटीएसडीच्या रुग्णांत मात्र ते नेहमीपेक्षा अधिक उतरले. याचा अर्थ त्यांनी असा लावला की कॉर्टिसॉल ओळखणारे रिसेप्टर अधिक संवेदनशील झाल्याने मेंदू ते लवकर थांबवतो. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे पीटीएसडी म्हणजे ‘जरा जास्त ताण’ नव्हे, हे प्रयोगशाळेत दिसून आले. तरीही मूळ पातळी कमी असल्याचे सर्वच अभ्यासांत आढळलेले नाही, हे ध्यानात ठेवावे.

उत्तर २ (जनुकशास्त्र):
दुसऱ्या प्रश्नाबाबत ‘उतरतो’ या शब्दालाच माझी हरकत आहे. येहुदा यांच्या 2016 च्या ज्या शोधनिबंधाचा दाखला दिला जातो, त्यात नाझी वंशसंहारातून वाचलेल्या 32 व्यक्ती आणि त्यांची 22 प्रौढ अपत्ये होती. तुलनेसाठी मात्र 8 पालक आणि 9 अपत्येच होती. कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरची संवेदनशीलता ठरवण्यात भाग घेणाऱ्या एफकेबीपी5 या जनुकाच्या एका ठरावीक जागेवरील मिथिलीकरण (जनुकाच्या कामावर परिणाम करणारी, डीएनएवरील रासायनिक खूण) पालकांत तुलनागटापेक्षा अधिक, तर अपत्यांत कमी आढळले. म्हणजे बदल एकाच जागी असला तरी त्याची दिशा उलट होती, आणि हे पालकांच्या खुणेची नक्कल झाल्याचे लक्षण नव्हे. मोजमाप रक्तातील पेशींचे होते, मेंदूतील नव्हे. शिवाय ही मुले त्याच पालकांच्या हाताखाली वाढलेली असल्याने बीजपेशींतून काय आले आणि घरातल्या वातावरणातून काय, हे या मांडणीतून वेगळे करता येत नाही.

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याच्या वेळी गरोदर असलेल्या 38 स्त्रियांचा येहुदा यांचा अभ्यास मला याहून बोलका वाटतो. ज्या मातांमध्ये पीटीएसडीची लक्षणे होती, त्यांच्या आणि त्यांच्या बाळांच्याही लाळेत कॉर्टिसॉल कमी होते, आणि हल्ल्याच्या वेळी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत असलेल्या मातांच्या बाळांत हा फरक अधिक ठळक होता. येथे गर्भावस्थेतील परिणामाची शक्यता समोर येते, आणि ती जनुकीय वारशाहून निराळी गोष्ट आहे.

उत्तर ३ (समुपदेशक):
माझ्याकडे येणारी काही माणसे असले मथळे वाचून ‘मी जन्मतःच बिघडलेला आहे का?’ असे खरोखर विचारतात, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. त्यांना मी येहुदा यांचाच 2013 चा, 16 माजी सैनिकांवरील प्राथमिक अभ्यास सांगते. मानसोपचारानंतर ज्यांची लक्षणे कमी झाली, त्यांच्यात एफकेबीपी5 चे मिथिलीकरणही बदललेले दिसले. संख्या लहान आहे, त्यामुळे यावरून मोठे दावे करणे योग्य नाही. पण अशा खुणा आयुष्यभर अढळ राहतात असे गृहीत धरण्याचे कारण नाही, एवढे नक्की सांगता येते.

विद्यार्थिनी:
सर्वांचे मनापासून आभार. मग रुग्णाच्या रक्तातील कॉर्टिसॉल एकदा तपासून निदानाला मदत होईल का?

उत्तर १ (शरीरक्रियाशास्त्र):
नाही. जाग आल्यानंतरच्या अर्ध्यापाऊण तासात ते चढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते, त्यामुळे एका नमुन्याचा आकडा मुख्यतः नमुना घेतल्याची वेळ सांगतो. येहुदा यांचे निष्कर्ष गटांच्या सरासरीतील फरकांविषयी आहेत. पीटीएसडीचे निदान आजही रुग्णाशी सविस्तर बोलूनच केले जाते.