रिटच केलेल्या फोटोंतला मोरपंखी फोनवर मळकट दिसतो, सल्ला हवा

मिरजकरीण
नमस्कार मंडळी. मी मिरजेत लग्नांचे फोटो काढते. गेल्या महिन्यात एका नवरीची पैठणी होती मोरपंखी, काठ जांभळे. माझ्या मॉनिटरवर रंग अगदी समोर पाहिला तसा. मेसेजिंग ॲपवरून काही फोटो पाठवले आणि तासाभरात नवरीच्या आईंचा फोन: "अगं, साडी अशी विटल्यासारखी का दिसते? हळदीचे फोटो तर आजारी माणसाचे वाटतात." ती पैठणी त्यांनी येवल्याला जाऊन खास विणून घेतली होती. फार जिवाला लागलं.
कॅमेऱ्यातली कच्ची (रॉ) फाइल लाइटरूम या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये, त्वचेचं काम फोटोशॉपमध्ये, तिथूनच जेपेग, अशी माझी पद्धत. नवा मॉनिटर घेऊ का कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग मोजून नीट लावणारं यंत्र)? पुढच्या आठवड्यात अल्बम छापायला द्यायचाय.

कृष्णाकाठ
ताई, खरेदीचं तूर्त राहू द्या. आधी एवढं सांगा: सगळेच फोटो फिके आहेत का ठरावीकच? थेट लाइटरूममधून एक्स्पोर्ट केलेले कसे दिसतात?

मिरजकरीण
आत्ता दोन्ही गठ्ठे वेगळे करून बघितले. लाइटरूममधून थेट काढलेले ठीक आहेत. फोटोशॉपमधून गेलेले साधारण साठ, तेवढेच फिके! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

फोकस_पक्का
मग प्रोफाइलचाच घोळ, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे हे सांगणाऱ्या माहितीचा. एडिट मेनूत असाइन प्रोफाइलवर जा, एसआरजीबी (साध्या स्क्रीनची नेहमीची रंगांची जागा) निवडा, सेव्ह करा. झालं काम.

मिरजकरीण
केलं. आता फोटोशॉपमध्येही साडी फोनवरच्यासारखीच मळकी दिसायला लागली. सेव्ह केलं नाही अजून.

कृष्णाकाठ
बरं झालं सेव्ह केलं नाही, लगेच अनडू करा. पण त्यामुळे निदान पक्कं झालं.
लाइटरूम फोटोशॉपकडे फाइल पाठवताना मुळातल्या सेटिंगनुसार ती 16 बिट प्रोफोटो आरजीबीत पाठवतं. ही रंगांची फार मोठी जागा. तुम्ही तिथूनच जेपेग केलं, म्हणजे फाइल प्रोफोटोतच राहिली. फोटोशॉप प्रोफाइल वाचतं, म्हणून तुम्हाला रंग बरोबर दिसले. वाटेत प्रोफाइल गळलं की फोन त्या आकड्यांना एसआरजीबी समजतो.
स्वयंपाकातलं सांगतो. "तीन वाट्या तांदूळ" असं कुणी लिहून दिलं, तर वाटी केवढी हे कळल्याशिवाय भात नीट होणार नाही. फाइलमधले आकडे म्हणजे "तीन", आणि प्रोफाइल म्हणजे वाटी. एसआरजीबीतला शुद्ध लाल 255, 0, 0. हाच लाल ॲडोबी आरजीबी या त्याहून मोठ्या वाटीत लिहायचा तर 219, 0, 0. ते 219 एसआरजीबी समजून वाचलं की कुंकू फिकं. प्रोफोटोची वाटी त्याहून मोठी, म्हणून तुमची हळद इतकी उतरली.
असाइन केल्याने आकडे तेच राहतात, नुसतं वाटीचं नाव बदलतं. तुम्हाला हवंय कन्व्हर्ट टू प्रोफाइल: रंग तोच ठेवून आकडे नव्याने मोजले जातात. लेयरवाली मूळ फाइल उघडा, तिची एक प्रत करा, ती एसआरजीबीत कन्व्हर्ट करा, मग 8 बिट, मग जेपेग, आणि सेव्ह करताना आयसीसी प्रोफाइलची (म्हणजे याच वाटीची) खूण असू द्या. एक्स्पोर्ट ॲज वापरत असाल तर कन्व्हर्ट टू एसआरजीबी आणि एम्बेड कलर प्रोफाइल, दोन्ही खुणा हव्यात.

फोकस_पक्का
माझा सल्ला चुकला, माफ करा ताई. मीही हे दोन्ही एकच समजत होतो.

मिरजकरीण
दहा फोटो करून पाहिले. हळद परत आली! नवरीच्या गालावरचा उजेडसुद्धा. मोरपंखी मात्र बराचसा आलाय, पण पदरावरच्या मोरांच्या आजूबाजूला रेशमाची जी चमक होती ती एकसारखी सपाट झालीय. अजून काही राहिलंय का?

लाल_दिवा
हे तुमचं चुकलेलं नाही, रंगच तसा आहे. एसआरजीबी 1996 साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने त्या वेळच्या साध्या मॉनिटरसाठी मांडलं. गडद हिरवा-निळा त्याच्या कुंपणाबाहेर जातो, आणि मोरपंखी नेमका तिथला. कन्व्हर्ट करताना कुंपणाबाहेरच्या छटा कडेला येऊन एकावर एक बसतात, म्हणून चमक जाते. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये एस दाबून सॉफ्ट प्रूफिंग (निवडलेल्या प्रोफाइलमध्ये फोटो कसा दिसेल ते आधीच दाखवणारी सोय) सुरू करा, प्रोफाइल एसआरजीबी ठेवा, हिस्टोग्रामच्या (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाच्या) कोपऱ्यातला, कुंपणाबाहेरचा रंग लाल दाखवणारा इशारा लावा. पदर लाल झाकला गेला की अ‍ॅक्वाचं सॅच्युरेशन (रंगाचा जोर) थोडं थोडं उतरवा, लाल डाग विरेपर्यंत. साडी किंचित शांत होईल, पण रेशमाच्या चुण्या परत दिसतील. रंगाच्या जोरापेक्षा त्या चुण्या मोलाच्या, असं माझं ठाम मत आहे.
आता छपाई. माझं आयुष्य लॅबमध्ये गेलं. "प्रिंट काळी आली" म्हणून येणाऱ्या दहातल्या आठांचा मॉनिटर नुसता फार उजळ असायचा. खोलीत उजेड बेताचा ठेवा, ब्राइटनेस 100 कँडेलाच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास आणा, रात्री स्क्रीन पिवळी करणारी सोय बंद करा. लॅबला विचारा, फाइल कुठल्या प्रोफाइलमध्ये हवी आणि त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल देतात का. देत असतील तर एस दाबून तेही बघा. आणि कॅलिब्रेटर? घ्या, पण नंतर. गावातल्या दोघा-तिघा फोटोग्राफरांत मिळून एक पुरतो, महिन्यातून एकदा मॉनिटरवर लावायचा असतो.

कृष्णाकाठ
पूर्ण अल्बम आधी पाठवू नका. त्याच कागदावर पाच-सहा छोटे प्रूफ (नमुन्याच्या प्रिंट) मागवा: एक हळदीचा, एक पैठणीचा, एक रात्रीचा. ट्यूबलाइटखाली बघू नका, सकाळी खिडकीपाशी बघा. शेजारी खरी साडी असली तर उत्तम.

मिरजकरीण
मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण होता! उतरवला. लॅबला एसआरजीबीच हवंय, कागदाचं प्रोफाइलही पाठवलंय. नवरीच्या आईंना सगळं खरं सांगितलं, की रंग माझ्या हातून गेला होता आणि आता परत आणतेय. त्यांनी पैठणीचा ब्लाउजपीस आजच पाठवून दिला. प्रूफ शनिवारी येतील, तो शेजारी ठेवून बघते.