मदत हवी आहे: अ‍ॅडमिशन काउन्सेलिंग सोडून रजिस्ट्रार ऑफिसमध्ये जाऊ का? सोमवारी उत्तर द्यायचंय

लिंबूसोडा | शुक्रवार, रात्री 10.40
पटकन सांगा प्लीज. नागपुरातल्या एका खासगी युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन काउन्सेलर आहे. आज एचआरने बोलावून सांगितलं, रजिस्ट्रार ऑफिसमध्ये जागा आहे, इंटर्नल शिफ्ट घे, पण इन्सेंटिव्ह बंद होईल. सोमवारी 11 पर्यंत हो की नाही ते कळवायचंय. घरी अर्धे म्हणतात जा, अर्धे म्हणतात वेडी आहेस का. पुढे स्कोप कशात आहे? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच सांगा. 'मनाचं ऐक' वगैरे नको. मनाला कळत असतं तर इथे आले नसते.

पाटणसावंगीकर | 10.52
शिक्षण? वय? पगार? इन्सेंटिव्ह किती? परमनंट की कॉन्ट्रॅक्ट? काहीच न सांगता स्कोप विचारणं म्हणजे डॉक्टरला फोन करून 'दुखतंय, गोळी सांगा' म्हणणं झालं.

लिंबूसोडा | 10.58
29. पीजी झालंय. पगार 22, सीझनमध्ये इन्सेंटिव्ह धरून 35 पर्यंत जातो. नवीन जागेवर 24 फिक्स. आता सांगा.

तर्रीबाज | 11.05
सीझन म्हणजे मे ते ऑगस्ट ना? चार महिने 35 अन् आठ महिने 22 धरले तर वर्षाचे होतात 3 लाख 16 हजार, म्हणजे महिन्याले 26 हजार 300 च्या आसपास. अन् 'पर्यंत जातो' म्हणता म्हणजे दर महिन्याले 35 पडत नसतील. मग भांडण राहिलं दोन हजाराचं. दोन हजारासाठी मे महिन्यात 45 डिग्रीत शाळा-कॉलेजांच्या दारात पॅम्फ्लेट वाटत उभं राहाचं काय?

लिंबूसोडा | 11.09
मी पॅम्फ्लेट नाही वाटत. दिवसाला 120 कॉल असतात. पण हो, टार्गेट आहे.

एकच_ध्यास_पोस्ट | 11.14
ताई, दोन्ही सोडा. एमपीएससीचा अभ्यास करा. ओपनला 38 पर्यंत वय चालतं, राखीवला 43. तुमच्याकडे 9 वर्षं आहेत. मी धरमपेठेतल्या अभ्यासिकेत रोज 11 तास बसतो.

तर्रीबाज | 11.16
अन् रात्री 11 ले इथं काय करून राह्यले भाऊ?

निवृत्त_अधीक्षक | 11.48
सौ./कु. लिंबूसोडा (काय ही नावं!), मी 31 वर्षं विद्यापीठीय कार्यालयात काढली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमचं सध्याचं काम विद्यार्थी दारापर्यंत आणण्याचं आहे. फी भरली की तो तुमच्या यादीतून उतरला. कुलसचिव (म्हणजे रजिस्ट्रार) कार्यालयात तोच विद्यार्थी पुढची तीन-चार वर्षं कागदाच्या रूपात तुमच्यासमोर बसलेला असतो. आधी पात्रता तपासा: दुसऱ्या मंडळातून आला असेल तर मायग्रेशन (मंडळ बदलल्याचं प्रमाणपत्र) आणलं का, गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र आहे का. मग नामांकन, म्हणजे विद्यापीठाच्या दप्तरी विद्यार्थ्याची नोंद. मग नावातली चूक! दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी, एकीकडे 'सुनीता' ऱ्हस्व, दुसरीकडे दीर्घ. पूर्वी हे पदवी हातात पडल्यावर कळायचं. आता अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा) आयडी आधारशी जुळला नाही की पहिल्याच सत्रात गाडी अडते. 2021 पासून ती भानगड सुरू झाली. मी निवृत्त व्हायच्या बेताला होतो, तरी शिकलो.

शिवाय परदेशी जाणाऱ्यांचे ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित दाखला), कंपन्यांकडून येणारी पदवी पडताळणी, माहिती अधिकाराचे अर्ज (30 दिवसांत उत्तर, नाहीतर अपील आलंच), दीक्षांत समारंभ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सभा. आमच्याकडे 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद या तिन्हींचा सचिव कुलसचिवच असतो. ज्याला चांगलं इतिवृत्त लिहिता येतं, तो माणूस कार्यालयात कधी मागे पडत नाही. सभेत दोन तास आरडाओरडा झाला तरी कागदावर 'सविस्तर चर्चेअंती' एवढंच कसं लिहायचं, ही विद्या कुठल्याही एमबीएत शिकवत नाहीत.

माझं मत: जा.

कॅम्पसचौक | शनिवार, सकाळी 7.20
अधीक्षक साहेबांचा आदर राखून सांगतो, हे चित्र फार गोड झालं. वर जायला किती वाट आहे तेही सांगा ना. कुलसचिवपदाला पीजीला 55 टक्के, आणि सोबत 15 वर्षं प्राध्यापकी, नाहीतर 15 वर्षं प्रशासन, त्यातली 8 वर्षं उपकुलसचिव किंवा त्या तोडीच्या पदावर. आता मुलाखतीला प्राध्यापक किती आणि कार्यालयातून वर आलेले किती बसतात ते तुम्हीच सांगा. खाली फाइल बांधणारा आयुष्यभर बांधत राहतो.

निवृत्त_अधीक्षक | 8.05
माझ्यासमोर लिपिक म्हणून लागलेले दोघे उपकुलसचिव होऊन निवृत्त झाले.

कॅम्पसचौक | 8.11
31 वर्षांत दोघे. मीही तेच म्हणतोय.

निवृत्त_अधीक्षक | 8.30
आणि प्राध्यापकांतले किती कुलसचिव झाले? तेही बोटावर मोजण्याइतकेच. पद एकच असतं हो. रांग लांब असली म्हणजे कुणी रांगेत उभंच राहू नये का?

महालातली_काकू | 8.42
मधेच विचारते, रागावू नका. इथे अ‍ॅडमिशनचे जाणकार दिसतात म्हणून. माझ्या भाच्याने एका कॉलेजात फी भरली, आता दुसरीकडे नंबर लागला. ते म्हणतात ओरिजिनल टीसी-मार्कशीट देणार नाही, पूर्ण वर्षाची फी भरा. असं चालतं का?

लिंबूसोडा | 8.50
काकू हा माझा धागा आहे 😭
पण नाही चालत. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 2018 ची अधिसूचना आहे. ओरिजिनल कागद तपासून लगेच परत द्यायचे, अडकवून ठेवायचे नाहीत. फीचे टप्पे ठरलेले आहेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर सगळी फी परत, फक्त प्रक्रिया शुल्क कापता येतं, तेही 5 टक्के किंवा 5 हजार, यातलं जे कमी असेल ते. त्यानंतर 90 टक्के, मग 80, मग 50. शेवटच्या तारखेला 30 दिवस उलटले की शून्य. म्हणून अर्ज आजच द्या, लेखी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारत बसलात तर तारीख निघून जाईल.

महालातली_काकू | 8.58
देव तुझं भलं करो बेटा. त्यांनी आम्हाला यातलं काहीच सांगितलं नाही.

तर्रीबाज | 9.03
पाहा! जिले टार्गेट आहे ती पोट्टी रिफंडचे नियम तोंडपाठ सांगून राह्यली. तुम्ही चुकीच्या टेबलवर बसल्या आहात जी.

पाटणसावंगीकर | 9.15
हेच लिहायला आलो होतो. पण एक प्रश्न राहिलाच. पीजी कशात? आणि टक्के? कॅम्पसचौक यांनी 55 टक्क्यांची गोष्ट काढलीच आहे. सहायक कुलसचिवालाही तीच अट असते.

लिंबूसोडा | 9.31
एम.कॉम. सीजीपीए 6.2. टक्के किती होतात माहीत नाही.

एकच_ध्यास_पोस्ट | 9.33
दहाने गुणा. 62. झालं.

कॅम्पसचौक | 9.40
नाही झालं! असं गुणून अर्ज भरणारे छाननीत बाद होतात. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात 6.25 ला 55 टक्के धरतात. त्या हिशेबाने 6.2 म्हणजे साडेचौपन्न. अर्ध्या टक्क्यात गेलात.

निवृत्त_अधीक्षक | 10.02
घाबरवू नका तिला. तो तक्ता एआयसीटीईच्या अभ्यासक्रमांचा, ही एम.कॉम. आहे. ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याचं सूत्र धरायचं. पुष्कळदा ते गुणपत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. नसेल तर विद्यापीठाकडून रूपांतर प्रमाणपत्र (कन्व्हर्जन सर्टिफिकेट) घ्यावं लागतं. कुठलीही छाननी समिती तोच कागद बघते. आणि राखीव प्रवर्गात असाल तर जाहिरातीतली सवलतीची ओळ नीट वाचा.

लिंबूसोडा | 10.20
मागे काहीच छापलेलं नाही. मी रोज दहा मुलांना सांगते की कन्व्हर्जन सर्टिफिकेट काढून ठेवा, नंतर धावपळ होते. स्वतःचं पाच वर्षांत काढलं नाही.

तर्रीबाज | 10.22
😂 शिंप्याचं पोट्टं उघडं.

व्हीएनआयटी_गेटसमोर | 10.45
लोक गल्लीतच फिरून राहिले. नागपुरात विद्यापीठ एकच आहे का? एनआयटी (इंजिनिअरिंगचं व्हीएनआयटी) आहे, आयआयएम आहे, ट्रिपल आयटी आहे, एम्स आहे, लॉ युनिव्हर्सिटी आहे, रामटेकला संस्कृत विद्यापीठ, तिकडे वर्ध्याला हिंदी विश्वविद्यालय. सगळीकडे अ‍ॅकॅडमिक सेक्शन असतो आणि अधूनमधून जाहिराती निघतात. केंद्रीय संस्थेत सहायक कुलसचिव म्हणजे वेतनश्रेणी लेव्हल 10, मूळ पगार 56,100 पासून. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) लागत नाही. लेखी परीक्षा असते. एनआयटीमध्ये ज्युनिअर असिस्टंट लेव्हल 3 ला असतो, 21,700, पण त्याला वयाची अट कडक, 29 म्हणजे सवलत नसेल तर उशीर झाला. सहायक कुलसचिवाला साधारण 35 पर्यंत धरतात. म्हणजे हातात सहा वर्षं. ती रजिस्ट्रार ऑफिसमध्ये काढा, नियम शिका आणि परीक्षा द्या. कॉल सेंटरच्या अनुभवावर मुलाखतीत काय सांगणार?

लिंबूसोडा | 10.51
कॉल सेंटर नाहीये ते!!

एकच_ध्यास_पोस्ट | 10.55
सहा वर्षं आहेत तर एमपीएससीच का नाही?

टायपिंगवाले_सर | 11.30
टायपिंग मराठी 30 किंवा इंग्रजी 40 (मिनिटाला शब्द) झालं आहे का? राज्यातल्या लिपिक-टंकलेखक भरतीत ते प्रमाणपत्र मागतात. एमएस-सीआयटी? आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये सकाळी 7 ची बॅच आहे.

पाटणसावंगीकर | 11.36
जाहिरात नको सर. तरी मुद्दा बरोबर आहे.
लिंबूसोडा, शेवटचं विचारतो. तुमचं आत्ताचं नियुक्तीपत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे?

लिंबूसोडा | 11.44
युनिव्हर्सिटीच्याच असणार. म्हणजे, मी तिथेच काम करते. आयकार्ड त्यांचंच आहे.

पाटणसावंगीकर | 11.47
आयकार्ड सोडा. पीएफचं पासबुक उघडा, त्यात आस्थापनेचं नाव दिसतं.

लिंबूसोडा | दुपारी 12.26
ओटीपी येत नव्हता. आता बघितलं. कुठल्यातरी मॅनपॉवर सर्व्हिसेसचं नाव आहे. पत्र शोधलं तर तेही त्यांचंच. तीन वर्षं मी युनिव्हर्सिटीची कर्मचारीच नाहीये??

पाटणसावंगीकर | 12.31
म्हणून पहिल्याच प्रतिसादात परमनंट की कॉन्ट्रॅक्ट विचारलं होतं. उत्तर आलं नाही.
आता 'इंटर्नल शिफ्ट' या शब्दाला अर्थ उरत नाही. नवीन पत्र युनिव्हर्सिटीच्या नावाने मिळणार असेल तर 24 हजारच काय, 22 असते तरी घ्या म्हटलं असतं. पुन्हा एजन्सीच्याच नावाने असेल तर टेबल बदलेल, बाकी काही नाही.

निवृत्त_अधीक्षक | 12.50
अगदी बरोबर. आणि पदनाम बघा. 'एक्झिक्युटिव्ह' म्हणजे काहीही असतं. पत्रात 'कुलसचिव कार्यालय' हा शब्द आणि कामाचं स्वरूप हवं: पात्रता, नामांकन, अभिलेख, काय असेल ते. पुढे अनुभव मोजताना छाननीवाला तुमचं कौतुक ऐकत नाही. पद, वेतन, कालावधी एवढ्या तीन गोष्टी बघतो. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

कॅम्पसचौक | 12.58
यावर सहमत. बाकीच्यावर नाही.

तर्रीबाज | 1.04
दोघं सहमत झाले म्हणजे आज पाऊस येते नागपुरात.

महालातली_काकू | 4.15
अर्ज दिला. पोच देत नव्हते. भाचा म्हणाला मग स्पीड पोस्टाने आणि ईमेलवर पाठवतो, तेव्हा शिक्का मारला. एक विचारू? टीसी हरवली तर डुप्लिकेट मिळते का? ही दुसऱ्या भाच्याची.

निवृत्त_अधीक्षक | 4.40
मिळते, काकू. बहुतेक ठिकाणी आधी पोलिसांत हरवल्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र मागतात. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

लिंबूसोडा | सोमवार, दुपारी 1.20
अपडेट. सकाळी गेले. हो म्हटलं, पण पत्र बघून जॉइन करेन असं ईमेलवर टाकलं. एचआर म्हणाले, 'आजवर कोणी पत्राचं विचारलं नव्हतं.' मग आत जाऊन आले आणि म्हणाले, युनिव्हर्सिटीच्या नावाने निघेल, प्रोबेशन एक वर्ष, बुधवारी देतो. पदनाम 'असिस्टंट, पात्रता व नामांकन'. हे मीच सुचवलं, त्यांना काहीही चाललं असतं. बुधवारी पत्र हातात पडेपर्यंत कॉल चालूच आहेत. आज 64 झाले.

कन्व्हर्जन सर्टिफिकेटचा अर्ज माझ्या जुन्या विद्यापीठात टाकला. आईला अजून वाटतं मी वेडी आहे. वडील म्हणतात 24 तर 24, पण पीएफ कोणाचा ते बघ. हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे, बहुतेक हा धागा वाचतायत.

पाटणसावंगीकर | 1.34
बुधवारी पत्राचा पहिला परिच्छेद टाका, नाव-गाव झाकून. तोवर एजन्सीचा राजीनामा देऊ नका.

टायपिंगवाले_सर | 1.50
अभिनंदन. आता नामांकन म्हणजे युनिकोड मराठी टायपिंग लागणारच. सायंकाळी 6.30 ची पण बॅच आहे.

नवा_सभासद_44 | 2.12
वरचं सगळं वाचलं नाही. पण ताई, आधी सांगा, शिक्षण काय आणि पगार किती?