अडुळसा दारात असताना सिरप कशाला?

परसदार: बाटलीवर अडुळशाचं चित्र बघून पैसे मोजायचे आणि कुंपणाचा अडुळसा तसाच वाळू द्यायचा, हे काही पटत नाही बुवा. शेळी तोंड लावत नाही म्हणून बांधाला लावतात, एवढीच का त्याची लायकी? चार पानं, आलं, गूळ, पाणी निम्मं होईतो आटवा. कफ सुटतो.

गोळीवाला: साहेब, केमिस्टकडचं कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच घडवलंय. अँब्रॉक्सॉल त्याचंच पुढचं रूप. म्हणजे शिव्या घालताय तो तुमच्याच झाडाचा नातू! फक्त गोळीवर 8 मिलिग्रॅम छापलेलं असतं. तुमच्या पातेल्यात किती? पान कोवळं की जून, यावरही ते बदलतं.

परसदार: छापण्याचं कौतुक पुरे. 2022 ला गांबियात, 2025 ला छिंदवाड्यात पोरं दगावली ती छापील बाटल्यांनीच ना?

गोळीवाला: ते डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे विषारी भेसळ. त्यावरून काढा कसा काय पास होतो?

मधली_सून: दोघंही थांबा जरा. माहेरी वैद्यकी आहे म्हणून सांगते. अडुळशाचं पान नुसतं कुटून पिळलं तर धड चमचाभर रस निघत नाही. म्हणून पुटपाक करतात: कुटलेल्या पानांचा गोळा, त्यावर पानं गुंडाळायची, वरून मातीचा लेप, गोवऱ्यांत भाजायचं. लेप लाल झाला की फोडून पिळायचं. आणि हा कफपित्तावरचा, थंड गुणाचा. कोरडी ढास लागली की आमच्याकडे अडुळसा पहिला काढत नाहीत. गरोदर बाईला तर अजिबात नाही, गर्भाशय आकुंचन पावतं त्यानं. हे काढा वाटणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं?

परसदार: बरं, गरोदरपणाचं मान्य. पण 'वासा (म्हणजे अडुळसाच) असताना क्षयी, कासी (खोकलेकरी) का खचतो' असा श्लोकच आहे की!

गोळीवाला: तिथंच घात होतो. श्लोक म्हणत बसायचं आणि क्षय आत वाढत राहायचा. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

परसदार: तपासू नका कोण म्हणालं? साध्या पडशाला अँटिबायोटिक लिहितात, त्यावर बोला की कधी.

गोळीवाला: त्यावर वेगळा धागा काढा, पहिली सही माझी.

नवीन_सदस्य: कुंडीत येतो का हा?

मधली_सून: येतो. पावसाळ्यात जून फांदी खोचा. कुंडी मात्र मोठी घ्या, झुडूप माणसाच्या डोक्यावर जातं.