सेटलमेंट डे : वसाहत, वस्ती की पायउतार?

प्रश्न :
मध्य अमेरिकेतल्या बेलिझ देशातले गारिफुना (आफ्रिकी आणि कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी यांच्या मिश्र वंशाचे) शिक्षक आणि हक्कांसाठी झगडलेले कार्यकर्ते थॉमस व्हिन्सेंट रामोस (१८८७–१९५५) यांच्यावर लिहिते आहे. त्यांनी सुरू केलेल्या, १९ नोव्हेंबरच्या 'सेटलमेंट डे'ला मी 'वसाहत दिन' म्हटलंय, पण खटकतंय.

उत्तर :
खटकायलाच हवं. 'वसाहत' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो वसाहतवाद, नाहीतर शहराबाहेरची औद्योगिक वसाहत. इथे तर उलटं आहे. सेंट व्हिन्सेंट बेट बळकावून इंग्रजांनी १७९७ साली या लोकांना होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन टाकलं. वसाहतवाले इंग्रज, हे हाकललेले. 'वस्ती दिन' करा. वाडी-वस्तीतली वस्ती.

दुसरं उत्तर :
वस्ती ठीक, पण रामोस यांच्या मनात वेगळंच होतं. १९४१ साली स्टॅन क्रीकला, म्हणजे आजच्या दांग्रिगाला, हा दिवस सुरू झाला तेव्हा त्याचं नाव 'कॅरिब डिसएम्बार्कमेंट डे' होतं ('कॅरिब' हे गारिफुना लोकांना इंग्रजीत पडलेलं जुनं नाव). होडीतून किनाऱ्यावर उतरण्याचा दिवस! मराठीत नेमका शब्द 'पायउतार', पण वर्तमानपत्रांनी त्याची वाट लावली. 'पायउतार दिन' छापलंत तर लोक विचारतील, कुठला मंत्री गेला? आजही त्या सकाळी ढोल वाजवत, कसाव्याची रोपं घेऊन होड्या किनाऱ्याला लागतात, गारिफुना लोकांचं १८३२ चं बेलिझला येणं पुन्हा घडवतात. म्हणून माझं मत 'आगमन दिन'. हद्दपारीचं दुःख त्यात येत नाही, हे कबूल. ते लेखात येऊ द्या.

प्रश्नकर्ती :
'आगमन दिन' घेते. १९४३ पासून दक्षिणेत आणि १९७७ पासून देशभर सुट्टी, हेही घातलंय. 'कॅरिब' ठेवू का?

दुसरं उत्तर :
नावांपुरतं ठेवा. रामोस यांच्या 'कॅरिब डेव्हलपमेंट अँड सिक एड सोसायटी'चं नाव बदलू नका. (सिक एड म्हणजे आजारपणात एकमेकांना हातभार, 'रुग्णसेवा' नको, त्याने दवाखाना वाटतो.) एरवी 'गारिफुना'च लिहा. इंग्रजीतला नरभक्षकासाठीचा 'कॅनिबल' हा शब्द 'कॅरिब'च्याच मुळातून आलाय, ते लेबल कोण मिरवेल? त्यांच्या भाषेत अनेकवचन 'गारिनागू', आपल्याला 'गारिफुना लोक' पुरे.

जाता जाता एक गंमत. त्या भाषेत परंपरेने पुरुषाचा 'मी' म्हणजे 'औ' आणि बाईचा 'नुगुया'. आपला 'मी' सगळ्यांना एकच; तुम्ही बाई आहात हे मला 'लिहिते'वरून कळलं.