मदत हवी आहे: फजरनंतरचा अभ्यासाचा तास मोबाइल खातोय

माहीमकरीण

मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कलिन्याला मानसशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. घर माहीमला, गाव दापोलीकडे. दोन खोल्यांत आम्ही सहा जण, त्यामुळे बारावीपासून माझा खरा अभ्यास एकाच वेळी होतो: फजरची, म्हणजे पहाटेची नमाज झाल्यापासून घर जागं होईपर्यंत. त्या दीड तासात जे डोक्यात शिरतं ते दिवसभर लायब्ररीत बसूनही शिरत नाही. बी.ए.चा फर्स्ट क्लास त्याच वेळेचा.

आता ती वेळच हातात राहिलेली नाही.

कालची पहाट सांगते. पाच-दहाचा अलार्म. वजू केलं, नमाज पढले, मुसल्ल्यावर बसूनच फोनवर कुरआन उघडलं. रोज एक पान वाचायचा नेम आहे. चौथ्या ओळीवर होते तेवढ्यात वरून पट्टी घरंगळली, मैत्रिणीने रील पाठवलेलं. पट्टी वर ढकलायची होती, बोट तिच्यावरच पडलं. (पडलं म्हणजे पाडलं, खोटं कशाला बोलू.) त्यानंतर एकदम दूधवाल्याची बेल. पावणेसात! ओढणी डोक्यावर तशीच, पायाला मुंग्या, आणि मी कुणीतरी मळके गालिचे धुतंय ते बघत बसलेय. आमच्या घरी गालिचा नाही.

गंमत म्हणजे माझं प्रोजेक्टच विद्यार्थी आणि स्मार्टफोन यावर आहे. २०१३ साली कोरियात तयार झालेली एक छोटी प्रश्नावली आहे, दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते सहा गुण. मुलींना ३३ च्या वर आणि मुलांना ३१ च्या वर गुण पडले तर धोका समजायचा. वर्गात वाटण्याआधी मी स्वतः भरली. ४६. हे आकडे कोरियन शाळकरी मुलांवरून काढलेत आणि प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हे मला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, मोबाइलचा असा वेगळा नाही, हेही परीक्षेत लिहून आलेय. पण ‘फोनमुळे ठरवलेलं काम राहून जातं’ या अर्थाच्या पहिल्याच प्रश्नाला मी डोळे झाकून सहा दिले.

‘फोन लांब ठेव’ असं सगळे सांगतात. पण माझ्या फोनमध्ये काय काय आहे बघा. फजरचा अलार्म. कुरआन, तेही तर्जुम्यासकट. महिन्यातल्या ज्या दिवसांत मुसहफला, म्हणजे छापील कुरआनला हात लावत नाही, त्या दिवसांत तर फोनच. २०२५ मध्ये भोंगे उतरले तेव्हा आमच्या माहीमच्या जुम्मा मशिदीसह मुंबईतल्या काही मशिदींनी अजानसुद्धा ॲपवरून ऐकवायला सुरुवात केली. लोकलचं तिकीट, बसचे पैसे, वर्गाचा ग्रुप, सगळ्या नोट्सच्या पीडीएफ. ज्याच्यापासून पळायचं, नमाजाची वेळ त्यालाच विचारायची!

ॲप काढून टाकून पाहिलं, तिसऱ्या दिवशी परत टाकलं. रमजानमध्ये पूर्ण महिना रील बघितलं नव्हतं, अगदी सहज जमलं होतं. ईदच्या दुपारी सुरू झालं ते आजतागायत. म्हणजे जमत नाही असंही म्हणवत नाही, म्हणून जास्तच लाज वाटते. अम्मीला वाटतं मी पहाटे अभ्यास करते. ती उठल्यावर आवाज न करता चहा ठेवते.

सबमिशनला सात आठवडे आहेत. तुमच्यापैकी कुणी फोन न सोडता त्यातली एखादी गोष्ट सोडलीय का? नेमकं काय केलंत?

जुनी_खोड

फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायचा. विषय संपला.

माहीमकरीण

काका, दुसऱ्या खोलीत दादी, अब्बा आणि दोन भाऊ झोपतात. पाच-दहाचा अलार्म तिथे वाजला तर विषय माझाच संपेल.

निवांत७२

प्रश्न सगळ्याच पोरांचा आहे, यात धर्म मधे कशाला आणलात? आमचा चिरंजीवही आंघोळीला फोन घेऊन जातो.

माहीमकरीण

मान्य, रोग सगळ्यांचा सारखाच. फक्त ‘फोन बंद कर’ म्हटल्यावर माझं काय काय बंद पडतं ते कळावं म्हणून लिहिलं. तुमच्या चिरंजीवांना आंघोळीत फोनची तशी गरज नसावी.

कोकणी_मेवा

माहीमकरीण, मी तुझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, खेडची, म्हणून अगं-तुगं करते. काका तुसडे बोलले तरी अगदीच चूक नाहीत. २०१७ मध्ये टेक्सासमध्ये जवळपास ८०० जणांवर प्रयोग झाले होते. फोन बंद करून नुसता टेबलावर ठेवला तरी लक्ष लागण्यात फरक पडतो, दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांना जास्त चांगलं जमलं, असं त्यात आलं.

तुझी अडचण वेगळी वाटते मला. तू फोन उचलतेस ते चांगल्या कामासाठी, म्हणून मन पहाऱ्यावर नसतं. मी बी.एड. करताना हेच व्हायचं, फक्त माझं निमित्त डिक्शनरीचं असायचं. शेवटी भावाचा जुना, काच तडकलेला फोन मागून घेतला, सिम काढलं, सगळं पुसलं आणि डिक्शनरी तेवढी ठेवली. तू त्यात कुरआन उतरवून घे, नेट न जोडता चालेल असं. पट्टी घरंगळायला नेटच नको.

अलार्मला चावीचं घड्याळ. नमाजाच्या वेळांचं छापील कॅलेंडर मशिदीत मिळतं की, भिंतीला लाव.

माहीमकरीण

ताई, तो प्रयोग वाचलाय, पण नंतर कुणी कुणी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसं आलं नाही. (गाइड मॅडमनी हेच विचारून मला गार केलं होतं.) जुन्या फोनचं मात्र सुचलंच नव्हतं. अब्बा म्हणतील एक सांभाळवत नाही, दुसरा कशाला.

कोकणी_मेवा

सांग त्यांना, दुसरा मुका आहे.

सोबत

सूचना चांगल्या आहेत, त्यात भर नाही घालत. फक्त ‘लाज वाटते’ हे दोनदा वाचलं. फोन जवळ नसला की छातीत धडधड, झोप उडणे, जेवण न जाणे असं काही होत असेल तर १४४१६ वर बोल. सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, रात्रीबेरात्रीही, मराठीत बोलता येतं. मी स्वतः बोललोय, वेगळ्या कारणासाठी. आणि अम्मीला सांगून टाक गं. चहा तसाही ठेवतीलच.

माहीमकरीण (नऊ दिवसांनी)

थोडक्यात कळवते. क्रॉफर्ड मार्केटकडून चावीचं घड्याळ आणलं. पहिल्या पहाटे अख्खं घर उठून बसलं. दादीला वाटलं दूधवाला लवकर आला. आता ते टॉवेलात गुंडाळून उशीखाली ठेवते, आवाज बेताचा येतो. भावाचा जुना फोन मिळाला, खालचा कोपरा उमटत नाही, त्यामुळे पान उलटायला दोनदा घासावं लागतं. चालतंय. माझा फोन रात्री अम्मीच्या पर्समध्ये असतो. तिला सांगावं लागलं. ती एवढंच म्हणाली, “मग रोज आलं कुणासाठी किसत होते मी?” आणि पर्सची चेन लावली.

नऊपैकी सहा पहाटा मिळाल्या. दोन दिवस अम्मी झोपेत असताना पर्स उघडली, एक दिवस सरळ झोपले. प्रोजेक्टचं दुसरं प्रकरण लिहून झालंय.

एक गोष्ट सुटत नाहीये. नोट्स रात्री अकराला ग्रुपवर येतात आणि सकाळच्या लेक्चरला त्या वाचून जायचं असतं. म्हणजे त्या पहाटेच लागतात आणि फोन पर्समध्ये. आमच्या गल्लीत झेरॉक्सवाला नऊला उघडतो. सांताक्रूझ स्टेशनपासून कलिन्यापर्यंत कुठे लवकर उघडणारा कुणाला माहीत आहे का?