मदत हवी आहे: हँडहेल्ड स्कॅनर खोक्यावरचा कोड अर्धाच घेतो, कर्सरही पुढे सरकत नाही

निपाणीकर_होलसेल
नमस्कार मंडळी. निपाणीत किराणा मालाचं गोदाम आहे. झेब्राचे अँड्रॉइड हँडहेल्ड आहेत, स्टॉकचं सॉफ्टवेअर क्रोममध्ये चालतं. स्कॅन केल्यावर आकडा रकान्यात येतो, पण कर्सर तिथंच थांबतो, नगाच्या रकान्यावर बोटानं जावं लागतं. दुसरं म्हणजे पुड्यावरचा १३ आकडी कोड बरोबर येतो, खोक्यावरचा १४ आकडी मात्र कधी पूर्ण, कधी १० नाहीतर १२ आकडीच. बीप नेहमीसारखी वाजते, म्हणून पोरांच्या लक्षातही येत नाही. कुठलं सेटिंग बघायचं?

टिळकवाडी_टेक
कर्सरचं आधी उरकू. डेटावेज ॲप (झेब्राच्या मशीनवरचं स्कॅनिंगच्या सेटिंगचं ॲप) उघडा, तीन टिंबांतून नवीन प्रोफाइल करा. असोसिएटेड ॲप्समध्ये क्रोम निवडा, ॲक्टिव्हिटीला * द्या. हे राहिलं तर मूळचं प्रोफाइल० चालत राहतं आणि तुमच्या बदलांचा काही उपयोग होत नाही. बारकोड इनपुट आणि कीस्ट्रोक आउटपुट चालू हवेत. कीस्ट्रोक आउटपुटखाली बेसिक डेटा फॉरमॅटिंगमध्ये 'सेंड टॅब की' चालू करा. एन्टर देऊ नका, ब्राउझरमध्ये बऱ्याचदा एन्टरनं नग भरायच्या आतच फॉर्म सबमिट होतो.

खोक्याचा प्रश्न खरा महत्त्वाचा. तो कोड बहुतेक आयटीएफ-१४, म्हणजे इंटरलीव्ह्ड २ ऑफ ५ प्रकारचा बारकोड. त्यात आकडे जोडीजोडीनं छापलेले असतात आणि सुरुवात-शेवटाच्या खुणा इतक्या साध्या, की मधल्याच रेषा तशा वाटू शकतात. किरण तिरका पडून वरच्या कडेनं बाहेर गेला की स्कॅनर तेवढ्यालाच पूर्ण कोड समजतो. म्हणून तुम्हाला सम संख्येतच तुटलेले कोड मिळतात. कोडभोवतीची जाड काळी चौकट यासाठीच असते, पण नुसत्या तिच्या भरवशावर राहू नका.

डिकोडर्समध्ये इंटरलीव्ह्ड २ ऑफ ५ उघडून लेंथ१ आणि लेंथ२ दोन्हीत १४ टाका. चेक डिजिटला (कोड बरोबर वाचला का ते पडताळायचा शेवटचा आकडा) यूएसएस हा पर्याय निवडा आणि रिपोर्ट चेक डिजिट चालूच ठेवा, नाहीतर शेवटचा आकडा गळून १३ येतील आणि नवा घोळ.

निपाणीकर_होलसेल
टॅब जमला ओ, खोकीही १४ च्या १४ येताहेत. पण सॉफ्टवेअर म्हणतं 'आयटम सापडला नाही'. पुढचा १ काढून टाकला तरी तेच.

चिकोडी_गोदाम
नुसता १ काढून चालणार नाही अण्णा, शेवटचा चेक डिजिटही बदलतो. पुडा ८९०१२३४५६७८९० असेल तर १ नं सुरू होणारं त्याचं खोकं १८९०१२३४५६७८९७. मधले १२ आकडे तेच, शेवटी ० च्या जागी ७. तेव्हा स्कॅनरमध्ये काटछाट करू नका. आयटम मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या यादीत) खोक्याचा कोड वेगळा भरा आणि त्याच्यापुढं खोक्यात किती पुडे ते लिहा. 'कन्व्हर्ट आयटीएफ-१४ टू ईएएन-१३' (खोक्याच्या कोडाचा पुड्यासारखा १३ आकडी कोड करायचं सेटिंग) यालाही हात लावू नका, ते ० नं सुरू होणाऱ्या कोडांपुरतंच आहे.

निपाणीकर_होलसेल
बरं, मास्टरमध्येच भरतो. संकेश्वरच्या गोदामातल्या मशीनवर हे सगळं परत हातानं करायचं काय?

टिळकवाडी_टेक
नको की. डेटावेजच्या सेटिंग्जमधून 'एक्स्पोर्ट प्रोफाइल' करा, .डीबी फाइल तिकडच्या मशीनवर टाकून 'इम्पोर्ट प्रोफाइल'. शेजारचं साधं 'इम्पोर्ट' दाबू नका, ते सगळ्या सेटिंगच्या फाइलसाठी आहे, तिकडची आधीची प्रोफाइल्स पुसली जातील.