सहा आणि बारा तारांची दोन नेकची अकूस्टिक गिटार बनवून घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी गिटारवर गाते, सोबत एक मैत्रीण व्हायोलिन वाजवते. आमची वीस मिनिटांची एक सलग रचना आहे. तिची सुरुवात बारा तारांच्या गिटारवर होते, मधला भाग सहा तारांवर, तोही डीएडीजीएडी ट्यूनिंगमध्ये (सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी या सुरांत लावलेल्या), आणि शेवट पुन्हा बारा तारांवर. गिटार उतरवून दुसरी घ्यायला मला दहा-बारा सेकंद लागतात. व्हायोलिन तेवढा वेळ सूर धरून ठेवतं, पण जमलेला रंग उतरतो तो उतरतोच. दोन वर्षं हे सोसतेय.

आता एक कारागीर दोन नेकची (दोन दांड्यांची) अकूस्टिक बनवून द्यायला तयार आहेत: वर बारा तारा, खाली सहा. होकार देण्याआधी ज्यांनी असं वाद्य खरंच वापरलंय त्यांच्याशी बोलायचंय.

इलेक्ट्रिकचं मला कळतं. गिब्सन ईडीएस-1275 या दोन नेकच्या इलेक्ट्रिक गिटारची बॉडी भरीव असते, शिवाय स्विच फिरवला की नको असलेल्या नेकचा आवाज बंद. अकूस्टिकमध्ये स्विच कुठला? सगळ्या तारा एकाच फळीवर बसलेल्या.

ओळखीतल्या एकांकडे असं वाद्य आहे, ते अर्धा तास वाजवायला मिळालं. खालच्या सहा तारा मी डीएडीजीएडीत लावल्या आणि वरच्या नेकवर डीची कॉर्ड छेडली. खालच्या तारा आपोआप बोलू लागल्या. सतारीच्या तरफा झंकारतात तसंच, इतकं गोड की मी थांबून ऐकत बसले. मग कॉर्ड बदलून सीवर गेले. आधीचे डी आणि ए मागे रेंगाळतच राहिले आणि सगळं गढूळ झालं. तरफा रागाप्रमाणे लावलेल्या असतात, इथे तर कॉर्ड दर चार मात्रांनी बदलते. रुमालाची घडी करून खालच्या तारांखाली सरकवली, गुणगुण थांबली. पण खालच्या नेकवर जायचं तर आधी रुमाल काढायला हवा, म्हणजे वाचवलेले सेकंद पुन्हा गेलेच.

उलट बाजूने त्रास कमी वाटला. खालची नेक वाजवताना उजवा हात वरच्या तारांवरूनच जातो, त्यामुळे त्या बऱ्यापैकी दबतात. मात्र वरच्या नेकसाठी डावा खांदा उचलावा लागतो, आणि वीस मिनिटांत तो भरून येईल अशी भीती वाटते.

दुसरी काळजी ताणाची. स्टीलच्या सहा हलक्या तारांचा ताण 70-75 किलो, बारा तारांचा 110 च्या आसपास. एवढा भार पेलायचा तर आतल्या पट्ट्या जाड कराव्या लागणार. मग आवाज मिटमिटीत होणार नाही का?

प्रतिसाद १

ताणाला घाबरू नका, ते कारागिरावर सोडा. गिटार बनवणाऱ्या लिंडा मँझर यांनी 1984 मध्ये जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीसाठी 42 तारांचं ‘पिकासो’ नावाचं वाद्य बनवलं. त्याचा एकूण ताण साडेचारशे किलोच्या घरात जातो, तरी ते वाजतं आणि मंचावर येतं. बॉडी वादकाच्या बाजूला निमुळती ठेवली आहे, त्यामुळे हात वरून नेणं सोपं जातं. हा निमुळतेपणा तुमच्या कारागिरांना जरूर सुचवा, खांद्याला फरक पडेल.

पण पिकासोत किंवा हार्प गिटारमध्ये जादा तारांची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, हवीच असते. हार्प गिटारच्या खर्जाच्या तारा मोकळ्या छेडायच्या असतात. व्हिएन्नाच्या कॉन्ट्रागिटारची दुसरी नेकही बिनपडद्यांची, फक्त खर्जासाठी. ही वाद्यं एकाच वेळी दोन्हीकडून वाजतात. तुम्हाला मात्र एका वेळी एकच बाजू हवी आणि दुसरी गप्प हवी. तुमच्या कामाला हे वाद्य उलटं पडतंय.

मी स्वतः अशी गिटार चार वर्षं वापरली. रेकॉर्डिंगला सुंदर. मंचावर मात्र बारा तारा लावून झाल्या की खालच्या सहा किंचित उतरलेल्या, कारण फळी एकच, एकीकडचा ताण बदलला की दुसरीकडचा हलतो. त्या नीट केल्या की पुन्हा वर बघा. बसून वाजवायची तर खालची नेक मांडीवर घसरते. शेवटी ती घरीच ठेवली, आणि तिच्यावर माझा जीव असूनही हे सांगतोय.

त्यापेक्षा एक गिटार स्टँडवर वाजवण्याच्या उंचीला आडवी पक्की बसवा. ‘येस’ बँडचा गिटारवादक स्टीव्ह हाऊ मंचावर असंच करतो. तुमची बारा तारांची गळ्यात, सहा तारांची स्टँडवर. गळ्यातली पाठीमागे ढकलायची आणि एक पाऊल पुढे.

प्रतिसाद २

रुमालाऐवजी केसांना बांधायचं कापडी रबर नटजवळ (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीजवळ) चढवून बघा. ते एका बोटाने पडद्यांवरून डोक्याकडे सरकवता येतं.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. रबराचा प्रयोग माझ्या साध्या गिटारवर केला. मोकळ्या तारा छान गप्प होतात आणि सरकवायला एक सेकंदही लागत नाही, म्हणजे रुमालाची अडचण सुटली. पण ट्यूनिंगचं वाचलं आणि थबकले. एकीकडची खुंटी फिरवली की दुसरीकडचं बिघडणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डीएडीजीएडीत एक तार जरी उतरली तरी मला गाता येत नाही.

काल स्टँड मागून आणला. पहिल्यांदा दोन्ही गिटारी एकमेकींवर आपटल्या, पण पट्टा चार बोटं आखूड केल्यावर तीन सेकंदांत बदल जमला. व्हायोलिनचा सूर संपायच्या आत मी सहा तारांवर होते. मैत्रिणीने न थांबता नुसती मान हलवली.

कारागिरांना तूर्त थांबायला सांगितलंय. आता अडलंय ते गाण्यात. मी कायम बसून गाते. उभं राहून स्टँडवरची गिटार वाजवताना मान खाली जाते आणि तोंड माइकपासून दूर होतं. असं वाजवत गाणारं कुणी असेल तर सांगा: माइक गिटारच्या स्टँडच्या डावीकडून तिरका लावता की डोक्याला बांधायचा वापरता? आणि स्टँडवरच्या गिटारची उंची कमरेला ठेवता की छातीजवळ?